चपलांची राखण

माझ्या वयाच्या बायका सकाळी जपाची माळ ओढतात. मी गेल्या वर्षी स्वतःच्या हॉलमध्ये मोज्यांचे गोळे फेकत होते. पदर खोचून, नातवाच्या टीममध्ये, सुनेच्या शिट्टीवर. हसा, हसा! खालच्या मजल्यावरचा धर्मेशभाईसुद्धा हसला होता, पण तो आधी भांडायला आला होता.

हे सगळं आमच्या ऋतामुळे. ऋता म्हणजे माझी सून, अनीशची बायको. खरवईच्या एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. आम्ही राहतो चिखलोलीला, नव्या बिल्डिंगमध्ये. स्टेशन येणार, स्टेशन येणार म्हणून अनीशनं इथे घर घेतलं. स्टेशन येईल तेव्हा येईल, तोवर रिक्षावाल्यांची मिजास सांभाळा. असो. मला ऋताबद्दल सांगायचंय आणि नीट सांगायचंय, कारण लोक तिच्याबद्दल काहीबाही बोलतात. कुणी म्हणतं शिस्त बिघडवणारी बाई, कुणी म्हणतं काय ती क्रांती केली बाईनं! मेल्यांनो, ती माझ्या घरात राहते. मला विचारा ना.

पहिली गोष्ट, ऋता जाड आहे. सासू आहे म्हणून बोलत नाही, ती स्वतःच सांगते. ती वाढली उल्हासनगरला, कॅम्प पाच नावाच्या वस्तीत. आजूबाजूला सगळी सिंधी घरं, आणि मजल्यावरच्या या एकुलत्या एका मराठी पोरीवर सगळ्यांचा जीव. सकाळी एकीकडे दाल-पकवान, दुपारी दुसरीकडे कढी-भात, संध्याकाळी कुणीतरी हाक मारून हातावर मिठाई ठेवायचं. वर घरचं जेवण होतंच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पोर गुबगुबीत झाली. सगळ्या कॅम्पला आवडायची, फक्त तिच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांना तिचं काय करायचं ते कळायचं नाही.

सर वाईट नव्हते हो. कधी हात उगारला नाही, कधी हसले नाहीत. पण मैदानात शिरताना मुलं कडेला चपला काढायची आणि सर म्हणायचे, "ऋता, तू चपला बघ." पहिलीत म्हणाले, दुसरीत म्हणाले, पुढे म्हणायची गरजच राहिली नाही. तासाची घंटा झाली की ही आपली आपण जाऊन चपलांच्या ढिगाशी बसायची. "माई, कुणाची चप्पल कुठली ते मला अजून आठवतं," ती मला एकदा म्हणाली. "खेळ मात्र एकही आठवत नाही." हे ती मटार सोलता सोलता बोलली, हसत हसत. मी नाही हसले.

आता अशा बाईला पी.टी.चा तास कोण देईल? विष्णुपंतांनी दिला. विष्णुपंत म्हणजे तिच्या शाळेचे मुख्याध्यापक. शर्टाला कडक इस्त्री, डोक्याला टक्कल आणि तोंडात एकच प्रश्न, "जबाबदार कोण?" प्राथमिक शाळेत पी.टी.ला वेगळा शिक्षक कुठला आलाय! जूनमध्ये तासांची वाटणी होते आणि त्या दिवशी जो गैरहजर, त्याच्या गळ्यात शिट्टी. ऋता त्या दिवशी माझा मोतीबिंदू काढायला माझ्याबरोबर अंबरनाथला आली होती. म्हणजे माझा पडदा गेला आणि तिच्या गळ्यात शिट्टी आली.

पहिला तास घेऊन घरी आली ती तोंड पाडून. चहा घेतला नाही, कपडे बदलले नाहीत. मी म्हटलं, "काय गं, पडलीस की काय?" तर म्हणाली, "माई, काहीच बदललं नाही हो. काहीसुद्धा नाही."

मग एकेक बाहेर पडलं. तास म्हणजे आधी विश्राम-सावधान. मग वर्गातली दोन तगडी पोरं बॅट धरून खेळणार आणि बाकीची रांगेत उभी, "माझा नंबर कधी?" करत. मुली पिंपळाखाली गप्पा मारत. खेळाचं साहित्य व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटात, कुलपात. चेंडू, रिंगा, उड्यांच्या दोऱ्या, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांसकट नवंकोरं. हिनं किल्ली मागितली तर विष्णुपंत म्हणाले, "मॅडम, तपासणीला दाखवावं लागतं. फुटलं तर जबाबदार कोण?"

"सर, चेंडू खेळायला असतो ना?"

"शाळेत तो असायला असतो."

आणि मैदानाच्या कडेला चपलांचा ढीग. त्या मैदानाच्या कोपऱ्यात गावाचा शेंदूर लावलेला देव आहे, म्हणून तिथे पायात घालून कुणी जात नाही. कुंपण नाही, त्यामुळे कुत्री चपला पळवतात, माणसंही पळवतात. मग राखणीला कुणीतरी हवंच. ढिगाशी एक मुलगी बसलेली, गुडघे छातीशी घेऊन. रिद्धी तिचं नाव. जाड भिंगांचा चष्मा. चष्मा फुटेल म्हणून तिला कुणी खेळात घेत नव्हतं.

"मी तिला म्हटलं, चल खेळायला," ऋता म्हणाली. "तर ती मला म्हणते, मॅडम, मग चपला कोण बघणार?"

एवढं बोलून ही बया रडायला लागली. मी काय करणार? मी चहा पुन्हा गरम केला.

पण आमची ऋता रडून झालं की पेटते. दुसऱ्या दिवसापासून माझ्या घराचा आखाडा झाला. मोबाईलवर रात्रंदिवस कसले कसले व्हिडिओ, जपानातली पोरं काय करतात, केरळातली काय करतात. कपाट उघडत नाही ना, नको उघडू दे, म्हणून हिनं घरातले मोजे गुंडाळून गोळे केले. अनीशचे मोजे, शौनकचे मोजे, माझे थंडीतले लोकरीचेसुद्धा! अनीश एका पायात काळा, एका पायात निळा घालून ऑफिसला जायचा. बोलायची सोय नव्हती.

शौनक, म्हणजे माझा नातू, दुसरीतला, तो तर हवेतच. माझं जुनं लुगडं हॉलच्या मधोमध आडवं टाकलं. अलीकडे एक अंगण, पलीकडे दुसरं. दोन्हीकडे मोज्यांचे गोळे. शिट्टी वाजली की आपल्या अंगणातले गोळे पलीकडे भिरकवायचे. पलीकडून आले की पुन्हा भिरकवायचे. शिट्टी थांबली की ज्याचं अंगण स्वच्छ तो जिंकला. पुन्हा सुरू.

"आणि बाद कोण होतं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"हा कसला खेळ? खेळ म्हटला की कुणीतरी बाद व्हायलाच हवं. आमच्या वेळी लंगडीत पहिल्या फटक्याला बाद व्हायचे आणि मग बसायचे झाडाखाली."

"तेच तर, माई! ज्याला खेळता येत नाही तो आधी बाद होतो आणि बसून राहतो. मग त्याला येणार कधी? मूल उभं राहिलं किंवा बसलं की ते काही शिकत नाही, नुसतं उन्हात वाळतं. सांडग्यासारखं."

मी म्हटलं, तुझं सगळं पुस्तकी. नाचता येईना अंगण वाकडं. असं म्हणून पदर खोचला आणि दाखवून दिलं. शौनकला एक गोळा असा बसला नाकावर! धाप लागली, पण दोन डाव मीच जिंकले. तेवढ्यात बेल वाजली. दारात धर्मेशभाई. "आंटी, ये क्या चल रहा है? हमारा पंखा हिल रहा है!" ऋतानं त्याच्या हातात एक गोळा ठेवला. बिचाऱ्यानं आधी मोजा निरखला, मग वास घेतला, मग फेकला. नंतर रोज विचारायचा, "आज मॅच नहीं है क्या?"

शाळेतही मॅच रंगली. मुलं घरून मोजे आणायला लागली. रांग मोडली, पिंपळाखालच्या मुली मैदानात आल्या. एकच गोष्ट हलली नाही, रिद्धी. आता इतर मुलं तिला बसवत होती असं नाही, ती आपणहून बसायची. ऋतानं समजावलं, हात धरून नेलं, तर अर्ध्या डावात पळत परत चपलांशी. एकदा रिद्धीनं पाठ फिरवली आणि कुणाची तरी नवी सँडल खरंच गेली. त्या मुलाची आई शाळेत येऊन एवढी ओरडली, की पोरीनं त्यानंतर जागा सोडलीच नाही. ऋता घरी येऊन सांगायची, "आज पण नाही उठली, माई." रोज तेच. मला त्या मुलीचा राग यायला लागला, देवाशप्पथ.

त्यातच पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. खरवईला आता मोठमोठे टॉवर आलेत, तिथल्या आया एकदम कडक. युनिफॉर्म मळतो, मुलं घामेजतात, घरातले मोजे संपले, स्कॉलरशिपचा अभ्यास कधी? विष्णुपंतांनी ऋताला बोलावलं. "मॅडम, शनिवारी सकाळी पालकांसमोर तुमचा तास दाखवा. त्यांना पटलं तर ठीक. नाही पटलं तर सोमवारपासून पी.टी.च्या तासाला गणित."

ऋता घरी आली आणि चक्क जेवली नाही. ऋता! मी समजले, प्रकरण गंभीर आहे.

"माई, तास गेला तर मला नोकरीचं काही नाही हो," ती म्हणाली. "पण ती मुलगी तशीच बसेल. कायमची. मला माहितीये ना, एकदा बसलं की माणूस किती वर्षं बसतो ते."

शनिवारी मी पण गेले. हिची फजिती झाली तर घरचं कुणीतरी हवं, म्हणून. नव्या चपला घातल्या, उल्हासनगरहून आणलेल्या, मऊ, सोनेरी पट्ट्याच्या. आम्ही रिक्षातून उतरलो आणि बघतो तर काय! मैदान गायब. मैदानाच्या जागी मांडव. झालरी, झेंडूच्या माळा, खाली हिरवं कार्पेट, कोपऱ्यात माणसाएवढे स्पीकर.

झालं होतं असं. ते मैदान शाळेचं असलं तरी जमीन मूळची कोंडाजींची. त्यांनीच ती शाळेला दिली, पण एका बोलीवर, घरात हळद असली की मांडव तिथेच पडणार. खरवईत कुठलीही तारीख धरायची तर आधी गावात विचारायचं, कुणाची हळद नाही ना? हे शेंबड्या पोराला कळतं. विष्णुपंतांनी कॅलेंडर बघून शनिवार ठरवला. कोंडाजींच्या नातवाची, सुजितची, हळद होती.

पालक जमलेले, मुलं हातात मोजे घेऊन उभी, आणि विष्णुपंत घाम पुसत कोंडाजींना विचारतायत, "अहो, आता याला जबाबदार कोण?"

कोंडाजी म्हणजे पांढऱ्या मिशांचा ऐसपैस माणूस. "मास्तर, रागावताव कशाला? हलद संध्याकालची हाय. आता मांडव मोकलाच हाय. खेलवा ना पोरांना आत! लग्नघरात पोरां खेलली त शुभच हाय."

विष्णुपंत म्हणाले, "नको नको. मॅडम, रद्द करू. सोमवारपासून गणित."

मी ऋताकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ही रडते. पण ती म्हणाली, "नाही सर. मांडवात घेऊ."

कार्पेटवर जायचं म्हणजे सगळ्यांनी चपला काढल्या. मुलांच्या, पालकांच्या, पाहुण्यांच्या, वाढप्यांच्या, माझ्या सोनेरी पट्ट्याच्या. ढीग कसला, डोंगर झाला. आणि रिद्धी गेली आणि त्या डोंगराशी जाऊन बसली. गुडघे छातीशी घेऊन.

ऋता शिट्टी तोंडात धरून उभी. वाजवेना. सगळे वाट बघतायत. मग शिट्टी काढून म्हणाली, "रिद्धी, ऊठ बाळा."

"मॅडम, चपला जातील."

"जाऊ देत."

"खूप आहेत, मॅडम. पाहुण्यांच्या पण आहेत."

पालकांत चुळबुळ. विष्णुपंत पुढे झाले, "मॅडम, वेळ घालवू नका. मी बसतो चपलांशी. तुम्ही करा सुरू." खरं सांगायचं तर त्यांना तिथून सुटकाच हवी होती.

"नाही सर," ऋता म्हणाली. "तुम्हीपण आत या. आज कुणीच बसायचं नाही. एकजण बसणार असेल तर मी तास सुरू करत नाही."

"अहो पण गेल्या तर?"

"गेल्या तर गेल्या. माझ्यापण त्यातच आहेत."

मी माझ्या सोनेरी पट्ट्यांकडे एकदा बघून घेतलं, कारण माझ्या नव्या होत्या. पण त्या क्षणी मला सुनेचा असा अभिमान वाटला, की काय सांगू! मी जाऊन रिद्धीचा हात धरला आणि म्हटलं, "चल गं, मला पळता येत नाही, तू माझ्या बाजूला राहा." ती उठली. का उठली, मला माहीत नाही. म्हातारीला सोबत हवी असं वाटलं असेल.

झेंडूची माळ मधोमध आडवी टाकली. शिट्टीऐवजी डीजेवाल्या पोराला सांगितलं, गाणं चालू तोवर फेकायचं, गाणं बंद की थांबायचं. आणि त्यानं जे बटण दाबलं! माझी छाती दणदणली. मोजे उडायला लागले. मांडवाच्या एका कडेला कोंडाजींची बायको बनूबाई चारचौघींबरोबर हळद कुटत बसली होती. एक मोजा थेट तिच्या परातीत. तिनं तो उचलला, पिवळाधमक, आणि विचारलं, "ह्यो काय खेल हाय?"

मी ओरडून सांगितलं, "आपल्या अंगणातला कचरा दुसरीच्या अंगणात टाकायचा!"

"मंग ह्यो त मी जावेबरोबर रोज खेलते!" म्हणाली, आणि कासोटा आवळून उतरली की मैदानात. तिच्या मागून बाकीच्या बायका. हळदीचेच हात सगळ्यांचे. युनिफॉर्म मळतो म्हणणारी टॉवरमधली आई कडेला मोबाईल धरून उभी होती. तिच्या गालावर एक पिवळा गोळा बसला. मोबाईल पर्समध्ये टाकून तिनं तो असा परत फेकला, की मी म्हटलं, बाई गं, हिला किती वर्षं फेकायचं होतं कुणास ठाऊक! एक गोळा विष्णुपंतांच्या टकलावर बसला. त्यांनी आधी वळून बघितलं, जबाबदार कोण म्हणून. जबाबदार कुणी सापडेना. मग त्यांनी खाली वाकून गोळा उचलला.

आणि रिद्धी. तिनं पहिला गोळा फेकला तो मागेच पडला, माझ्या पायाशी. तिनं घाबरून आजूबाजूला बघितलं, कोण हसतंय म्हणून. हसायला वेळ कुणाला होता? पुन्हा फेकला, वर झालरीत अडकला. तिसऱ्यांदा कुठे गेला मी बघितलं नाही, कारण मलाच एक येऊन लागला. गाणं बंद झालं तेव्हा ती धापा टाकत होती, चष्मा वाकडा, तोंडभर हळद. तिनं ऋताला विचारलं, "मॅडम, परत?"

परत, परत आणि परत झालं. शेवटी डीजेवाला पोरगाच दमून खाली बसला.

मग सगळ्यांना चपला आठवल्या. बाहेर आलो तर डोंगर उधळलेला. दोन कुत्री, गावातली पोरंटोरं, घाईतले वाढपी, कोण काय घालून गेलं देवाला ठाऊक. निम्म्या गायब, उरलेल्यांत जोडी लागेना. कोंडाजी पोट धरून हसत होते. विष्णुपंतांचे पॉलिशचे बूट गेले होते. अनवाणी, पिवळे, घामानं निथळत ते उभे होते, आणि ऋता त्यांच्यासमोर. मला वाटलं, आता गणित.

ते व्हरांड्यात गेले. खिशातून किल्ली काढली आणि ते लोखंडी कपाट सताड उघडलं. "मॅडम, हे सगळं साहित्य बाहेर काढा."

"कशाला, सर?"

"कशाला म्हणजे? सोमवारपासून चपला ठेवायच्या यात! तासभर कुलूप लावायचं. असं रोज चाललं तर गावात कुणाच्या पायात काही राहील का?"

"आणि हे चेंडू?"

"ते आता कुठे ठेवणार? खेळा त्यांच्याशी!" असं म्हणून ते कुणाच्या तरी गुलाबी स्लीपर पायात सरकवून निघून गेले.

रिद्धी कपाटाशी उभी राहून त्या कुलपाला हात लावून बघत होती. मग तिनं एक नवा चेंडू उचलला, प्लास्टिकची पिशवी दातानं फाडली आणि पळाली.

आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. ऋताचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. एका पायात कुणाची तरी निळी रबरी, दुसऱ्यात वाढप्याची भलीमोठी सँडल.

"अगंबाई! माई, तुमच्या नव्या चपला?"

"गेल्या मेल्या."

ती हसायला लागली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. रस्त्यात उभी राहून, एवढी मोठी बाई. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कुणी बघत नव्हतं का हो?"

"कोण बघणार गं?" मी म्हटलं. "सगळे खेळत होतो."